घड्याळाच्या पट्ट्याखालची त्वचा कोणत्या वयाची?

गोदाकाठची (प्रश्न)

माझे वय ४७ आहे. गेली २१ वर्षे मी नाशिकहून दिंडोरीच्या बाजूच्या एका शाळेत दुचाकीने ये-जा करते. मागच्या आठवड्यात घड्याळाचा पट्टा तुटला, तो बदलून मिळेपर्यंत मनगट तीन-चार दिवस मोकळे राहिले आणि पट्ट्याखालची बोटभर रुंदीची जागा मी पहिल्यांदाच नीट निरखून पाहिली. तिथली त्वचा उजळ गव्हाळ, मऊ आणि चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर बसणारी आहे. तिला लागूनच वर कोपरापर्यंत आणि खाली बोटांपर्यंत मात्र रापलेला, खरखरीत भाग आहे. त्यावर पाणी आटलेल्या तळ्याच्या मातीला पडतात तशा बारीक चौकटी, आणि हाताच्या पाठीवर मसुराच्या डाळीएवढे पाच तपकिरी डाग. दोन्ही जागांचा जन्म एकाच दिवशीचा, दोन्हींना रक्त तेच, आईवडिलांचा वारसाही तोच. मग एक जागा पंचविशीतली आणि दुसरी साठीतली का दिसावी, हा प्रश्न मनातून जाईना, म्हणून येथे विचारत आहे.

चेहऱ्याचे ८० टक्के म्हातारपण उन्हामुळे येते, असे वाक्य सगळीकडे वाचायला मिळते; ते आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेलाही लागू आहे का? उन्हाने झालेले नुकसान भरून निघते, की पुढचे थांबवणे एवढेच हातात असते? आणि मी सध्या जे करते आहे त्यात काही अर्थ आहे का? मी एसपीएफ (सनस्क्रीन ऊन किती अडवते त्याचा आकडा) ५० असलेले सनस्क्रीन रोज सकाळी लावते, दिवाळीत घेतलेली ५० ग्रॅमची नळी अक्षय्य तृतीयेला संपली. मॉलमधल्या एका काउंटरवर बऱ्याच आग्रहाने विकले गेलेले जीवनसत्त्व क-चे सीरमही माझ्याकडे आहे, जे घेताना पाण्यासारखे होते आणि आता काळ्या चहासारखे दिसते. स्कार्फ आणि हातमोजे मी फक्त एप्रिल-मेमध्ये वापरते, कारण नाशिकची हवा थंड, इथे कसले ऊन लागते, हे वाक्य सासूबाईंपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे आणि मीही ते आजवर खरे मानत आले.

त्वचावैद्य

ताई, तुमच्या घड्याळाने नकळत जो प्रयोग केला, तोच आम्ही मुद्दाम करतो. वयाचा आणि उन्हाचा वाटा वेगळा काढायचा असेल, तर एकाच व्यक्तीच्या दंडाची आतली बाजू आणि हाताची बाहेरची बाजू शेजारी ठेवून पाहायची. दंडाच्या आतल्या बाजूला दिसते ते बहुतांशी वयाचे काम असते: त्वचा पातळ होते, कोरडी पडते, कागदाला पडतात तशा बारीक चुण्या येतात. जाडसर पोत, डाग, खोल सुरकुत्या आणि चामड्यासारखा रुक्षपणा हे सारे प्रामुख्याने उन्हाचे काम आहे.

हे घडते कसे, ते मिशिगन विद्यापीठात गॅरी फिशर, जॉन व्हूरहीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६-९७ च्या सुमारास चांगले उलगडून दाखवले. अतिनील किरण त्वचेत शिरले की पेशींमध्ये ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात, त्यातून एपी-१ नावाचा प्रथिनांचा संच जागा होतो आणि तो कोलॅजनचे, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे, धागे कापणारी विकरे (एन्झाइम), म्हणजे एमएमपी, तयार करायला लावतो. त्याच वेळी नवे कोलॅजन बनण्याचे काम मंदावते. त्वचा लाल होण्यासाठी जितके ऊन लागते, त्याच्या बऱ्याच कमी मात्रेतही ही विकरे वाढलेली त्यांना दिसली, हे या संशोधनातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे असे मी मानतो. म्हणजे 'मला ऊन बाधत नाही, माझी कातडी कधी भाजत नाही' या म्हणण्याला आधार उरत नाही. कापलेले धागे शरीर पुन्हा जोडते, पण तो रफू असतो, मूळ वीण नव्हे. आणि २१ वर्षे रोज थोडा रफू झालेले कापड कसे दिसेल, ते तुम्ही मनगटावर पाहिलेच आहे.

८० टक्क्यांचा आकडा मात्र जपून वापरावा. तो प्रामुख्याने फ्रान्समधील गोऱ्या त्वचेच्या २९८ स्त्रियांच्या अभ्यासातून आला आहे. आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य म्हणजे अंगचीच छत्री आहे. १९७९ च्या एका जुन्या मोजणीत कृष्णवर्णीय व्यक्तींच्या बाह्यत्वचेचे स्वतःचे संरक्षण एसपीएफ १३ च्या आसपास, तर गोऱ्या व्यक्तींचे ३ च्या थोडे वर भरले होते. बहुतेक भारतीय या दोहोंच्या मध्ये येतात. त्यामुळे आपल्याकडे सुरकुत्या उशिरा येतात, पण डाग, वांग आणि असमान रंग आधी येतात. आमच्याकडे येणाऱ्या चाळिशीतल्या स्त्रिया 'सुरकुती पडली' म्हणून क्वचितच येतात, 'तोंडावर काळे आले' म्हणून येतात. शिवाय आपल्या त्वचेला नुसत्या अतिनील किरणांचाच नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचाही उपद्रव होतो. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातील २०१० च्या अभ्यासात दृश्य प्रकाशाने सावळ्या त्वचेवर गडद आणि टिकाऊ काळसरपणा आला, अगदी गोऱ्या त्वचेवर तो आला नाही. साध्या पांढऱ्या किंवा पारदर्शक सनस्क्रीनने हा प्रकाश अडत नाही. त्यासाठी लोहाचे ऑक्साइड घातलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन लागते. ज्यांना वांग आहे, त्यांना मी तेच सुचवतो.

आता नाशिकच्या थंड हवेविषयी. उष्णता आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारा गार असला तरी किरण गार होत नाहीत. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २० मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते, आणि जुलैच्या उत्तरार्धात ढगांआड पुन्हा तेच घडते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीमुळे किरणांची तीव्रता मुंबईपेक्षा किंचित जास्तच असते. डिसेंबरातल्या कोवळ्या वाटणाऱ्या उन्हात त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण कमी झालेले असतात, पण जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतात, ते ऋतूनुसार तितकेसे बदलत नाहीत आणि अंतस्त्वचेपर्यंत खोल जातात. तेव्हा हातमोजे फक्त एप्रिल-मेमध्ये घालणे म्हणजे छत्री फक्त मुसळधार पावसात उघडण्यासारखे झाले.

थॉमसन सीडलेस

मी निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो, वय ५३. ताईंचा प्रश्न वाचून मी स्वतःचे दोन्ही हात टेबलावर शेजारी ठेवून पाहिले. उजवा हात डाव्यापेक्षा स्पष्टपणे काळा आणि जाड आहे. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजाराला पिकअप घेऊन जाताना वर्षानुवर्षे उजवे कोपर खिडकीवर ठेवलेले असते. अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र पूर्वी पाहिल्याचे आठवते. २८ वर्षे गाडी चालवलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्याची डावी बाजू लोंबलेली आणि खोल वळ्यांची होती, उजवी बाजू तुलनेने नीट होती. त्यांच्याकडे चालक डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवीकडे, एवढाच फरक. डॉक्टरांना विचारायचे आहे की काच वर केलेली असली तर हे टळते का?

दुसरे म्हणजे, आम्हा बागायतदारांवर हसावे असे एक चित्र सांगतो. डिसेंबर-जानेवारीत मण्यांवर गुलाबी छटा येऊन माल नापसंत होऊ नये म्हणून आम्ही घडाघडाला कागद गुंडाळतो. एकरभरात हजारो घड, प्रत्येकाला हाताने, न कंटाळता. उन्हाची झळ लागू नये म्हणून काही जण वरून जाळीही ताणतात. आणि हे सर्व करणारी माणसे, त्यातल्या निम्म्याहून अधिक बाया, दिवसभर उघड्या हातांनी आणि कपाळापर्यंत आलेल्या पदराच्या आधारावर उन्हात उभ्या असतात. गेल्या वर्षीपासून मी कामावरच्या सर्वांना रुंद काठाच्या टोप्या आणि लांब बाह्यांचे जुने शर्ट दिले. पहिल्या आठवड्यात टोप्या बांधावर पडलेल्या असायच्या. एप्रिलच्या खरड छाटणीला मात्र त्या आपोआप डोक्यावर चढल्या.

तिसरी गोष्ट मनाला लागलेली आहे. माझ्या आईच्या गालांवर वांग होता. एका औषधाच्या दुकानातून कोणीतरी एक मलम दिले, पंधरा दिवसांत चेहरा उजळला, आणि मग ते मलम आईने जवळजवळ सहा वर्षे लावले. आज तिच्या गालांची त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली आहे, आतल्या लाल शिरा दिसतात, चुलीसमोर बसली तरी आग होते आणि मलम दोन दिवस सोडले की चेहरा फुलून येतो. डाग घालवायला गेलो आणि चेहरा वीस वर्षांनी म्हातारा करून बसलो. हे असे का झाले, ते कोणी नीट सांगेल का?

मोजपात्र

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सौंदर्यप्रसाधनांच्या गुणवत्ता तपासणीचे काम करते, त्यामुळे ताईंच्या कपाटातल्या दोन वस्तूंविषयी बोलते.

सनस्क्रीनवरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढताना त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम एवढा थर दिलेला असतो. हिशेब केला तर चेहरा आणि मान मिळून साधारण सव्वा ग्रॅम लागते, म्हणजे तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा. या मापाने ५० ग्रॅमची नळी ४० वेळाच पुरते. तुमची नळी दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे सहा महिने चालली. याचा अर्थ तुम्ही आवश्यक मापाच्या पावपटच लावत होता, आणि तेही हात सोडून. एवढ्या पातळ थराला नळीवरचे ५० प्रत्यक्षात दहाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. पुरेसा थर दिला तर एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवते. म्हणजे मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा ३० चेच सनस्क्रीन सढळ हाताने लावलेले बरे. यूव्हीएसाठी पीए या अक्षरांपुढची अधिकची चिन्हे पाहावीत. ही पद्धत जपानमध्ये १९९६ साली सुरू झाली आणि चार चिन्हे असली तर संरक्षण सर्वाधिक. घाम आणि पुसणे धरून दर दोन तासांनी पुन्हा लावायचे असते. शाळेत ते जमत नसेल, तर निदान परतीच्या प्रवासाआधी तरी लावा, कारण दुपारचे ऊन सकाळच्यापेक्षा भारी असते.

स्कार्फविषयी एक सावधगिरी. पातळ पांढऱ्या सुती कापडाचे संरक्षण ५ ते ७ च्या आसपासच असते आणि घामाने ओले झाले की त्याहून घटते. कापड उजेडासमोर धरून पाहा. आरपार दिसत असेल तर किरणही आरपार जातात. गडद रंगाचे, दाट विणीचे कापड याच कामासाठी कितीतरी पटींनी सरस असते.

आता सीरम. जीवनसत्त्व क, म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, कोलॅजनच्या धाग्यांना पीळ घालणाऱ्या विकरांना लागतेच. ते नसले की हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही होतो. पण ते त्वचेत शिरावे म्हणून द्रावणाचा सामू (पीएच) ३.५ च्या खाली आणि मात्रा १० ते २० टक्के ठेवावी लागते, हे ड्यूक विद्यापीठाच्या शेल्डन पिनेल यांनी दाखवले. त्यांच्याच गटाने २००५ मध्ये असे दाखवले की जीवनसत्त्व क आणि ई यांच्या जोडीला फेरुलिक आम्ल दिले तर द्रावण टिकते आणि उन्हापासूनचे संरक्षण दुप्पट होते. हवा आणि उजेड लागला की क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण होते आणि द्रावण आधी पिवळे, मग तपकिरी होते. काळ्या चहाच्या रंगाचे तुमचे सीरम आता टाकून द्या. त्याने फार तर उशीवर डाग पडतील. पुढे घ्यायचेच झाले तर छोटी, गडद काचेची बाटली घ्या आणि ती स्नानगृहातल्या दमट फळीवर ठेवू नका.

उलटतपासणी

सर्व वाचले. यंत्रणा पटली, परंतु प्रयोगशाळेत विकर वाढले म्हणजे माणसाच्या चेहऱ्यावर फरक पडतो, असे आपोआप सिद्ध होत नाही. सनस्क्रीन लावल्याने म्हातारपण लांबते, हे माणसांवर मोजून कोणी दाखवले आहे का? तसेच कॉलेज रोडवर फेरफटका मारला तर दर दुसऱ्या इमारतीत लेसर आणि इंजेक्शनचा फलक दिसतो, आणि माझी सख्खी बहीण रोज सकाळी कोमट पाण्यातून कोलॅजनची भुकटी घेते. यातले काय पैशाच्या लायकीचे आहे आणि काय नाही, हे स्पष्ट शब्दांत ऐकायला आवडेल. 'काहींना फायदा होतो' असे उत्तर नको.

त्वचावैद्य

मोजून दाखवले आहे, आणि तेही चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीने. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधल्या नँबोर गावी १९९२ ते १९९६ या काळात ५५ वर्षांखालील ९०३ जणांचे दोन गट केले. एकाने एसपीएफ १५ हून अधिकचे सनस्क्रीन रोज लावायचे, दुसऱ्याने मनाला येईल तेव्हा. साडेचार वर्षांच्या अखेरीस हाताच्या पाठीच्या त्वचेचे साचे घेऊन सूक्ष्म रेषांची तुलना केली, तेव्हा रोज लावणाऱ्यांच्या त्वचेच्या वयात मोजता येईल अशी वाढ आढळली नाही आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचे वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी भरले. याच चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा उपयोग झाला नाही. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आणि हो, हात हाच त्यांचाही साक्षीदार होता, ताई.

झालेले नुकसान काही अंशी भरून काढणारे, सर्वांत जास्त तपासलेले औषध म्हणजे ट्रेटिनॉइन, जीवनसत्त्व अ-च्या कुळातले लावायचे औषध. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे अल्बर्ट क्लिगमन ते औषध मुरुमांसाठी वापरत असताना वयाने मोठ्या स्त्रियांनी त्वचा मऊ झाल्याचे आणि सुरकुत्या कमी झाल्याचे सांगितले, त्यातून १९८६ चा त्यांचा शोधनिबंध आला. (याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले होते. औषध चांगले निघाले म्हणून ते प्रकरण पुसले जात नाही, आणि विद्यार्थ्यांना मी दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगतो.) १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठात ३० जणांच्या एका हाताला ट्रेटिनॉइन आणि दुसऱ्याला औषधाविना तेच मलम १६ आठवडे लावले, औषधाचा हात सुधारला, मात्र जवळजवळ सर्वांनाच त्या हातावर लाली आणि सोलवटणे सोसावे लागले. हे औषध पेशीच्या केंद्रकात जाऊन एपी-१ ला आवर घालते आणि नवे कोलॅजन बनवायला लावते. बाजारातले रेटिनॉल हे त्याचेच सौम्य नातलग आहे. त्वचेत दोन पायऱ्या चढून त्याचे ट्रेटिनॉइन होते, म्हणून परिणाम कमी आणि त्रासही कमी.

आपल्या त्वचेत मात्र त्रास हा नुसता त्रास राहत नाही, जिथे जळजळ तिथे मागाहून काळा डाग उरतो. म्हणून ०.०२५ टक्क्यांपासून, आठवड्यातून दोनच रात्री, वाटाण्याएवढे, कोरड्या चेहऱ्यावर आणि मॉइश्चरायझरच्या सोबतीने सुरुवात करतात. तीन ते सहा महिने धीर धरावा लागतो. गरोदरपणात ते वापरत नाहीत, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नये. लेसरबाबतही हीच अडचण आहे. २००४ पासून आलेल्या अंशतः टिपके पाडणाऱ्या लेसरने खोल सुरकुत्या आणि व्रण सुधारतात, पण सावळ्या त्वचेवर जास्त शक्ती वापरली तर डाग घालवायला गेलेला माणूस नवे डाग घेऊन येतो. आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोटी चाचणी घेणार का, हे विचारा. नाही म्हणाले तर उठून या. बोटॉक्स भुवयांमधल्या आठ्यांवर छान काम करते. स्नायूला मिळणारा इशारा ते तीन-चार महिने थांबवते, त्वचेचा पोत मात्र बदलत नाही. कोलॅजनची भुकटी पोटात पचून तिचे तुकडे होतात. २३ चाचण्यांच्या २०२५ मधील एकत्रित विश्लेषणात, उत्पादकांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर फायदा दिसेनासा झाला. बहिणीला तेच पैसे सनस्क्रीनवर घालायला सांगा.

निफाडच्या भाऊंना दोन उत्तरे. गाडीची पुढची काच दोन थरांची असते आणि बरेचसे यूव्हीए अडवते. बाजूच्या साध्या काचेतून यूव्हीबी अडतात, यूव्हीए येतात. म्हणून काच वर केली तरी उजवी बाही लांबच ठेवा. आईच्या मलमात बहुधा स्टेरॉइड होते. ते सुरुवातीला झपाट्याने उजळवते, पण दीर्घकाळ लावले तर कोलॅजन बनणेच थांबवते, म्हणून त्वचा पातळ होते. आणि सोडले की दाह उसळतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. अशा अनेक मलमांना २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकले गेले, त्यामागे असेच चेहरे होते. आईंना घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मलम कसे उतरवायचे ते तेच ठरवतील. दाह शमायला काही महिने लागतील, पण पुष्कळ सुधारणा होते.

गोदाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. मोजपात्र ताईंचा नळीचा हिशेब वाचून मी आज सकाळी दोन बोटांचे माप घेतले, तेव्हा कळले की मी आजवर लावत होते ते जेमतेम एका पेराएवढे होते. आणखी दोनच शंका. माझी पाळी वर्षभरापासून अनियमित आहे आणि याच काळात चेहरा एकाएकी सैल पडल्यासारखा वाटतो. हा भास आहे का? आणि मी पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घालते, तर काच खाली असताना चेहऱ्याला सनस्क्रीनची गरज उरते का?

त्वचावैद्य

भास नाही. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटले की कोलॅजन बनण्याचा वेग पडतो. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या ५ वर्षांत त्वचेतील कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी घटते, पुढे हा वेग पुष्कळ मंदावतो. पट्ट्याखालच्या जागेतही हा बदल होणारच आहे, फक्त तिथे तो उशिरा डोळ्यांत भरेल. केवळ त्वचेसाठी म्हणून संप्रेरकांचे उपचार घेऊ नयेत. इतर त्रास असेल तर त्याचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ घेतील. त्वचेपुरते बोलायचे तर सनस्क्रीन नीट मापाने दोन महिने चालू द्या आणि त्यानंतर ट्रेटिनॉइनचा विचार करा, दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करू नका. नाहीतर जळजळ कशाने झाली ते कळणार नाही.

हेल्मेटची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते आणि ती जवळजवळ सर्व अतिनील किरण अडवते. दृश्य प्रकाश मात्र येतो, आणि शाळेच्या पटांगणात तुम्ही हेल्मेट घालून उभ्या राहत नसणार, तेव्हा सनस्क्रीन हवेच. हातांना मात्र लांब बाह्या आणि दाट विणीचे मोजे पुरेत. ते बाहीच्या आत जातील एवढे लांब घ्या; मनगटापाशी फट राहिली, तर घड्याळाचा पट्टा होता तिथेच आता उलटा, काळा पट्टा उमटेल.